नवसाच्या वेण्या

सोमवार, २१ जुलै

हायमनं ही वही दिली. म्हणाला, "ताई, दुपारी ऑफिसात फोन करून पोरांच्या तक्रारी सांगत जाऊ नकोस, मीटिंग असते. जे सांगायचं ते हिच्यात लिही, मी रात्री वाचतो." वाचणार नाही. ह्याचं ढुंगण मी धुतलंय, हा खोटं कधी बोलतो ते मला कळतं. आई गेली तेव्हा हा दीड वर्षाचा होता आणि माझी शाळा चौथीत सुटली ती ह्याच्यापायी. वाचणार नसेल तर बरंच आहे, हात आखडता घ्यायला नको.

शाळांना सुट्टी लागली. हायम आणि त्याची बायको अव्हीवा, दोघं कामाला. ही जपानातली, ओजिमाची सरकारी बिल्डिंग, खालच्या मजल्यावर एक म्हातारा राहतो. पोरं जरा पळाली की काठीनं छत ठोकतो. म्हणून पोरांना दिवसभर बाहेर फिरवायचं. मला पोयनाडहून कौतुकानं नाही आणलेलं, ह्याच्यासाठी आणलंय. मला त्याचं काही नाही. पोयनाडला आमच्या लोकांची दोनच घरं उरली, बाकी सगळे इस्रायलला. त्या दोनांतलं एक बंद आहे आणि एकात मी.

तालिया आठ वर्षांची. तोंडाळ. एली पाचाचा, डिसेंबरात सहा पूर्ण होतील. त्याचे केस कमरेपर्यंत. रोज सकाळी खोबरेल लावून दोन वेण्या मी घालते, दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाही. ते नवसाचे केस आहेत. तालियानंतर अव्हीवाचे दोन पोटातच गेले. तेव्हा मी पोयनाडहून अनवाणी आमच्या अलिबागेकडच्या खंडाळ्याला गेले, जिथं खडकावर एलियाहू हन्नबीच्या, आमच्या नबीच्या, घोड्याच्या टापा आहेत. म्हटलं, मुलगा दे, सहा वर्षं त्याच्या केसाला कात्री लागणार नाही. मग इथंच कापीन, चांदीनं तोलीन, मलिदा करीन. मुलगा झाला. कुणामुळे झाला ते सगळ्यांना माहीत आहे.

मंगळवार, २२ जुलै

सकाळी बागेत कवायत. इथं सुट्टीत पोरं बागेत जमतात, रेडिओवर गाणं लागतं, सगळे हातपाय हलवतात. शेवटी एक म्हातारा प्रत्येकाच्या गळ्यातल्या कार्डावर शिक्का मारतो. त्या शिक्क्यासाठी पोरं मरतात.

एका म्हातारीनं एलीची वेणी हातात घेतली आणि काहीतरी गोड गोड बोलली. एली फणकारला. मी तालियाला विचारलं, "काय झालं?"

"ती म्हणाली किती छान मुलगी. तो म्हणाला मी मुलगा आहे."

म्हातारी तोंडावर हात धरून हसली. मागे शाळकरी पोरं उभी होती, तीही हसली. त्यांतल्या एकानं घंटा ओढावी तशी वेणी ओढली. एली रडायला लागला. मी म्हटलं, "रडतोस कशाला? मुलगा आहेस ना? रडलास तर त्यांचंच खरं होईल." मग गप्प बसला. तोंडानंच बोलावं लागतं असं नाही, कधी डोळे वटारले तरी भागतं, पण ह्याला तोंडानंच लागतं.

बुधवार, २३ जुलै

पोहायच्या तलावावर नेलं. टोपी घातल्याशिवाय पाण्यात सोडत नाहीत. एलीच्या वेण्या टोपीत मावेनात. डोक्यावर गुंडाळून वरनं टोपी ओढली तर डोकं भोपळ्याएवढं झालं. तालिया हसली नाही, नवल आहे.

पाण्यात उतरायच्या आधी एली एकटाच पुरुषांच्या संडासात गेला. बराच वेळ आला नाही. आला तो चड्डी दोन्ही हातांनी धरून, टोपी गायब. मागनं बागेतली तीच पोरं हसत बाहेर पडली. मी म्हटलं, टोपी कुठे हरवलीस? बोलेना. पाण्यातही उतरेना. सगळा वेळ बाकावर चड्डी धरून बसला. एवढं सामान उचलून, एवढ्या उन्हात आणलं, आणि ह्याला पाण्याची भीती. कोकणातलं पोर आणि पाण्याला भितं.

कहर म्हणजे येताना बसमध्ये चड्डी ओली केली. सीट भिजली. मी सगळ्यांदेखत एक ठेवून दिली. लोक फोनमध्ये बघत राहिले, इथं कुणी कुणाचं बघत नाही, ते एक बरं आहे. तालिया म्हणाली, "आत्या, त्याला मारू नको. तो संडासात जात नाही कारण..."

"तुला कुणी विचारलं? चोंबडी कुठली."

घर येईपर्यंत खिडकीबाहेर बघत बसली.

शुक्रवार, २५ जुलै

कवायतीला यायला एली तयार नव्हता. खाटेखाली जाऊन बसला. पायाला धरून ओढला. शिक्का बुडाला की मग दिवसभर तेच रडणं ऐकायचं, त्यापेक्षा हे बरं. बागेत माझ्या पाठीमागे उभा राहिला, एक हात हलवला नाही, तरी म्हाताऱ्यानं शिक्का दिला.

संध्याकाळी अव्हीवा शब्बाथचा दिवा लावत होती. काडी ओढता ओढता म्हणते, "ताई, रविवारी मी एलीचे केस कापून आणते."

मी म्हटलं, "डिसेंबरात कापायचेत. खंडाळ्याला."

"तो रोज रडतो. गादी पण ओली करायला लागलाय, कधीची सवय सुटली होती."

"रडू दे. तूही रडत होतीस. बाथरूमचं दार लावून. दोन वेळा. तेव्हा अनवाणी कोण गेलं होतं? तुझी आई ठाण्याहून गाडी करून तरी आली होती का? काप खुशाल. मग घरात काही झालं तर माझ्या नावानं बोंबलू नको."

काडी तिच्या बोटापर्यंत जळत आली तरी तिला कळलं नाही. हायम ताटात बघत म्हणाला, "ताई म्हणते तर राहू दे ना, अव्हीवा. चार-पाच महिन्यांचा तर प्रश्न आहे."

"तू ऑफिसात असतोस," ती म्हणाली.

मग दुसरी काडी ओढून दिवा लावला. बिर्याणी चांगली झाली होती. मी दोनदा घेतली.

सोमवार, २८ जुलै

बिरड्याचा रोजा रविवारी आहे. फार पूर्वी आपलं देऊळ जळलं त्या दिवसाचं सुतक. त्याआधीचे नऊ दिवस मटण नाही, पोहणं नाही, मौजमजा नाही. मी पोरांना सांगितलं, आता तलाव बंद. तालियाचं तोंड वाकडं झालं. एलीचा चेहरा असा उजळला की मीच बघत राहिले. आल्यापासून पहिल्यांदा माझ्या मांडीवर येऊन बसला. नबीचं पोर आहे, त्याला आतूनच कळतं.

वरच्या मजल्यावरची नेत्रा भेटली लिफ्टमध्ये. पुण्याची आहे, नवरा कॉम्प्युटरवाला, ओजस म्हणून एक मुलगा. पहिल्या दिवशी मला विचारत होती, "तुम्ही ज्यू? आणि मराठी इतकं छान?" मी म्हटलं, मग काय तुझ्यासाठी जपानी बोलू? तेव्हापासून जपून बोलते. आज म्हणाली, "काकू, ऊन भयंकर आहे. पोरांना सारखं पाणी पाजत राहा. इथं लाउडस्पीकरवरसुद्धा सांगतात, ऐकलं ना?"

"उन्हाचं मला सांगू नको. मी मिठागरात काम केलंय."

"तुम्ही केलंय, काकू. पोरांनी नाही केलेलं."

पुण्याच्या बायकांना शेवटचा शब्द आपलाच लागतो.

बुधवार, ३० जुलै

नदीकाठच्या बागेत नेलं. एली सुधारला. आधी रस्त्यातल्या प्रत्येक सरबताच्या मशीनसमोर भोकाड पसरायचा, हे प्यायचं, ते प्यायचं. आता मागतच नाही. सबंध दिवसात घोटभर नाही. तालिया त्याच्या मागे बाटली घेऊन फिरत होती, तोंडाला लावत होती, तो ओठ घट्ट मिटायचा. शेवटी मी बाटली काढून घेतली. म्हटलं, "हवं असेल तर मागेल. तू त्याची आई नाहीस."

"त्याला हवंय," ती म्हणाली. "पण तो पिणार नाही."

"मग राहू दे."

घरी आल्यावर बूट न काढता संडासात धावला, आतनं कडी लावली. बाहेर आल्यावर वासरासारखा नळाला तोंड लावून प्यायला. संध्याकाळी अव्हीवाला मी सांगितलं, तुझ्या पोराची नाटकं थांबली बघ आठ दिवसांत. तिला आनंद व्हायला हवा होता. ती त्याचे ओठ बघत बसली. म्हणाली, ओठ का फुटलेत? म्हटलं, ऊन आहे. व्हॅसलीन लाव.

शुक्रवार, १ ऑगस्ट

भारतीय दुकानात वाल मिळाले. भिजत घातले. मोड यायला इथल्या हवेत काही वेळ लागणार नाही.

सोमवार, ४ ऑगस्ट

काल लिहिलं नाही. काल हॉस्पिटलात होतो. आज मी घरी एकटी आहे, ते सगळे तिकडेच आहेत. मला येऊ नको म्हणाले. आता क्रमानं लिहिते, म्हणजे कुणी वाचलं तर काय झालं ते कळेल.

परवा संध्याकाळी आम्ही जमिनीवर बसून बिरडं-भात खाल्ला. केळीचं पान कुठून आणणार, कागदाच्या ताटल्या होत्या. मी पोरांना सांगितलं, आता उद्या दिवा लागेपर्यंत मोठी माणसं खाणार नाहीत, पिणार नाहीत. एलीनं विचारलं, "पाणी पण नाही?"

"पाणी पण नाही."

"लहान मुलं पण करू शकतात?"

"नबीचं पोर असेल तर करेल."

खूश झाला. अव्हीवा म्हणाली, काही गरज नाही, लहान मुलांना रोजा नसतो. आणि सकाळी कामावर जाताना दोन बाटल्या भरून माझ्या पिशवीत ठेवून गेली. ह्या रविवारी तिची हॉटेलात पाळी होती. हायम घरी होता पण त्याला ऑफिसचं काही बिघडलेलं दुरुस्त करायचं होतं. म्हणाला, "ताई, चार तास पोरांना कुठेतरी ने. खालचा म्हातारा आज घरी आहे." रोज्याच्या दिवशी फिरायला. मी म्हटलं, बरं, मासे बघायला नेते, ती काही मौज नाही, शिक्षण आहे. निघताना बाटल्या काढून ओट्यावर ठेवल्या. उपाशी पोटी खांद्याला एवढं ओझं कोण वागवणार? आणि तिथं पाण्याचे नळ असतात, मी बघितलेत.

मासे बघितले. काचेच्या मोठ्या टाकीत कुपा मासा गोल गोल फिरत होता. मी पोरांना शिकवलं. कुप्याला खवले आहेत, पर आहेत, खायचा. वाम नाही खायची. मुशी नाही. माखूल नाही. तालिया म्हणाली, "माखलाला तीन हृदयं असतात, आत्या." मी म्हटलं, "असू देत. खायचं नाही."

तालिया नळावर पाणी प्यायली. मी नाही म्हटलं नाही, लिहून ठेवते. मग ओंजळीत पाणी घेऊन धावत एलीकडे आली, निम्मं सांडलं. त्यानं मान वळवली. म्हणाला, "माझा रोजा आहे." मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. म्हटलं, शाबास. मी त्याला कधी शाबास म्हणत नाही, लाडावतात. तो माझ्याकडे बघून हसला. ओठातून जरा रक्त आलं.

बाहेर निघालो तर ऊन डोळ्यांत शिरत होतं. स्टेशनच्या वाटेवर एली तिरका चालायला लागला. मला वाटलं, नखरे, उचलून घ्यावं म्हणून. हात धरून ओढला. हात कोरडा आणि तव्यासारखा होता. थोडं पुढे गेल्यावर वांती केली आणि खाली बसला. बसला म्हणजे पडलाच. तालिया किंचाळत पळत सुटली, जपानीत ओरडत होती, मला नाही वाटलं हिला एवढं येतं. माणसं धावली. एका बाईनं तिच्या बाटलीतलं पाणी त्याच्या मानेवर ओतलं, मग वेण्या सोडवायला लागली, वारा लागावा म्हणून. मी म्हटलं, केसांना हात लावू नका, नवसाचे आहेत. माझी भाषा कुणाला कळत नव्हती. मी तिचा हात धरला तर एका माणसानं मला बाजूला केलं. केस सगळे चिखलात.

हॉस्पिटलात हायम आला, अव्हीवा हॉटेलच्या कपड्यांत आली, नेत्रा आली, तिला भाषा चांगली येते. डॉक्टर नेत्राला विचारत होता, नेत्रा मला. "काकू, शेवटचं पाणी कधी प्यायला?"

"त्याचा रोजा होता."

"पाच वर्षांच्या मुलाचा?"

"त्यानं स्वतः धरला."

नेत्रानं ते डॉक्टरला सांगितलंच नाही बहुतेक.

मग तालिया बोलली. माझ्याकडे न बघता, आईकडे बघून, धडा म्हणून दाखवावा तशी. "त्याचा रोजा नव्हता. तलावावर त्या मुलांनी संडासात त्याची चड्डी काढली. मुलगा आहे की मुलगी बघायला. दोघांनी दोन वेण्या धरल्या होत्या, म्हणून त्याला पळता आलं नाही. आता तो बाहेर संडासात जात नाही. पाणी नाही प्यायलं तर जावं लागत नाही. मला म्हणाला, कुणाला सांगू नको. मी आत्याला सांगत होते."

अव्हीवानं विचारलं, "मग?"

"आत्या म्हणाली, चोंबडी."

मी म्हटलं, पोरगी अर्धं सांगते आणि थांबते, मला काय स्वप्न पडतं? हायमनं माझ्याकडे बघितलं. ओळख विसरलेल्या माणसासारखं बघितलं.

हे का झालं ते मला माहीत आहे. शब्बाथच्या दिव्यासमोर कात्रीचं नाव काढलं होतं. पण हे आत्ता कुणाला सांगण्यात अर्थ नाही.

मंगळवार, ५ ऑगस्ट

डॉक्टर म्हणाले, वाचला. किडनीवर ताण आलाय, आणखी काही दिवस ठेवणार. आज हायम मला घेऊन गेला. मी धुतलेल्या रिबिनी आणि खोबरेलाची बाटली नेली होती. केसांत अजून वाळू होती.

अव्हीवानं पर्समधून कात्री काढली. घरात दुधाचे खोके कापून कचऱ्याला वेगळे लावायची ती कात्री. एलीला उशीला टेकून बसवलं, केस विंचरले, दोन वेण्या घातल्या. मला वाटलं, शहाणी झाली. मग एक वेणी माझ्यापुढे केली.

"धरा, ताई."

"काय करतेस?"

"खाली पडली तर पुन्हा तुमच्या नवसाचा अपमान व्हायचा. धरा."

हायम खिडकीशी उभा होता, वळला नाही. मी धरली. दुधाच्या खोक्याची कात्री, एका झटक्यात होईना, कराकरा करत कापत राहिली. मग दुसरी. मी म्हटलं, "नबीला काय सांगशील?"

"त्याला कळत असेल तर सांगायला नको. आणि कळत नसेल तर कशाला सांगू?"

असं कुणी बोलतं का? एली हलला नाही. हाताला सलाइन होतं, दुसऱ्या हातानं मान चाचपडून बघितली. मग आईला विचारलं, "आत्या रागावली?"

"रागावू दे."

दोन्ही वेण्या माझ्या हातात. मुळाशी अजून गरम होत्या.

शुक्रवार, ८ ऑगस्ट

हायमनं तिकीट काढलं. रविवारचं.

मी म्हटलं, "माझा व्हिसा सप्टेंबरपर्यंत आहे."

"ताई."

"सुट्टी संपायला अजून किती दिवस आहेत. पोरांना कोण बघणार?"

"नेत्रा ओजसबरोबर नेईल. अव्हीवा पाळ्या बदलून घेतेय."

"नेत्राला काय कळतं आपल्यातलं?"

"ताई," एवढंच म्हणाला. हा पहिला शब्द शिकला होता. आई म्हणायच्या आधी.

रविवार, १० ऑगस्ट

विमानात लिहितेय.

विमानतळावर सगळे आले होते. अव्हीवा येणार नाही असं वाटलं होतं, पण आली. नीट बोलली, पाया पडली, डबा दिला. तेवढ्यानं काय होतं? एलीला सकाळीच हॉस्पिटलातून सोडलं, वाटेत दुकानात नेऊन केस कापून घेतलेत, कानाच्या वर. चारचौघांतला झालाय. मी एकदम ओळखलाच नाही.

बॅग काट्यावर ठेवली. वेण्या तेलकट कागदात गुंडाळून लुगड्यांच्या मध्ये ठेवल्यात. चांदीनं तोलायचे होते केस. तोलले विमानवाल्यांनी, माझ्या लुगड्यांबरोबर आणि उरलेल्या वालांबरोबर. काट्यावरची पोरगी आकडा बघून हसली आणि बॅग पुढे ढकलली.

मग उशीर होत होता, आत जायचं होतं, तर ही मंडळी संडासाच्या दारात उभी. एलीला जायचं होतं. हायम म्हणाला, मी येतो. एली म्हणाला, नको, मी एकटा. आत गेला. तालिया पुरुषांच्या दाराबाहेर हाताची घडी घालून उभी राहिली, येणाऱ्या-जाणाऱ्याकडे डोळे वटारून बघत. लोक तिला वळसा घालून जात होते. अव्हीवाचं बोट दातात. मी म्हटलं, माझं विमान आहे, ह्याची काय वरात आहे का? कुणी ऐकलं नाही.

आला. हात ओले होते, चड्डीला पुसले. तालियाच्या हातातली बाटली घेतली आणि घटाघटा अर्धी प्यायला. आणि अव्हीवा तिथंच भिंतीला टेकून रडायला लागली, हायमनं तिला धरलं, तालिया हसत होती. पोरगं मुतून आलं आणि ही माणसं रडतायत. मला कुणाचं काही कळत नाही. मी आत निघाले. वळून बघितलं तर ते चौघं अजून तिथंच, एकमेकांना धरून. एलीनं हात हलवला. माझ्याकडेच हलवला असेल.

आता खिडकीशी बसलेय. शेजारी दोन परके पुरुष, दोघंही झोपलेले, पाय पसरून. हवाईसुंदरी पाणी घेऊन दोनदा आली. मी नको म्हटलं. घसा कोरडा पडलाय, पण प्यायलं की उठावं लागणार, ह्या दोघांना ओलांडून जावं लागणार, सगळे बघणार. त्यापेक्षा न प्यालेलं बरं.